मदत हवी आहे: ज्वारीतला टोका कोणत्या कुळातला?

कणगीतल्या मालदांडी ज्वारीत आणि डब्यातल्या तुरीत किडे पडलेत. आमच्याकडं (जि. परभणी) दोन्हींना टोकेच म्हणतात. शाळेच्या कीटकसंग्रहाला लेबलं लावायचीत. ज्वारीतल्याचं कूळ एका पुस्तकात कर्क्युलिओनिडी, दुसऱ्यात ड्रायऑफ्थोरिडी. काय लिहावं? तुरीतल्याला तर सोंडच दिसत नाही.

प्रतिसाद १

तुरीतला आधी वेगळा काढा, तो सोंडकिडा नाहीच. दाण्यावर चिकटलेले पांढरे टिपके म्हणजे त्याची अंडी. मिशा करवतीसारख्या, कोपरात न वळणाऱ्या. पूर्वी त्याचं ब्रुकिडी हे वेगळं कूळ धरत. आता तो क्रायसोमेलिडी कुळात, ब्रुकिनी उपकुळात.

ज्वारीतला सिटोफिलस या प्रजातीतला सोंडकिडा. अंडं तो दाण्यावर नाही, आत घालतो: मादी सोंडेनं भोक पाडते, अंडं ठेवते आणि वर चिकट बूच बसवते. म्हणून पाखडून ज्वारी स्वच्छ दिसली तरी पुढं पुन्हा टोके निघतात.

कुळाबाबत दोन्ही पुस्तकं चूक नाहीत. अलोन्सो-झारासागा आणि लायल या कीटकतज्ज्ञांच्या १९९९ च्या सोंडकिड्यांच्या सूचीत ड्रायऑफ्थोरिडी स्वतंत्र कूळ आहे; ओबरप्रीलर, मार्वाल्डी आणि अँडरसन यांनी २००७ मध्ये त्याच गटाला कर्क्युलिओनिडीचं ड्रायऑफ्थोरिनी हे उपकूळ मानलं. नारळाचा लाल सोंड्या आणि केळीच्या कंदातला सोंडकिडा याच गटातले. गट तोच, पायरी बदलते. लेबलवर ‘कर्क्युलिओनिडी, ड्रायऑफ्थोरिनी’ लिहा, म्हणजे कुठलंही पुस्तक हाती असलेल्याला सापडेल.

खात्रीसाठी मिशी पाहा. कोपरासारखी वळलेली, आणि टोकाच्या गाठीचा बुडखा गुळगुळीत चकचकीत, फक्त शेंडा लवदार. वाळलेल्या किड्याच्या मिशा सोंडेला चिकटून बसतात. ओढल्या की तुटतात. आधी कोमट पाण्यात भिजवा.

प्रतिसाद २

एक भर. पंखांवरचे चार तांबूस ठिपके पाहून लगेच ‘ओरायझी’ (सिटोफिलसची एक जात) लिहू नका. मक्यातल्या ‘झीमेझ’ या दुसऱ्या जातीलाही तसेच ठिपके असतात. दोन्ही जाती ठामपणे ओळखायच्या तर नराचं जननेंद्रिय काढून १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करावं लागतं: वरची बाजू फुगीर गुळगुळीत असेल तर ओरायझी, दोन लांब खाचा असतील तर झीमेझ. हे द्रावण कातडी भाजतं, मुलांच्या हाती देऊ नका. तोवर ‘सिटोफिलस’ एवढंच लिहा.

आणि टाचणी थेट खुपसू नका, ३ मिमीचा किडा फुटतो. जाड कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाचा थेंब ठेवून उजवी कूस चिकटवा, टाचणी कागदात घाला. खाली गाव, तारीख, आणि ‘साठवलेली ज्वारी’ हे न विसरता.