मदत हवी आहे : रायगडावर आलेल्या ऑक्झेंडनच्या आडनावाचं मूळ काय, आणि आज ते किती जण लावतात?

नमस्कार मंडळी,

आमच्या महाड तालुक्यातल्या छोट्या वाचनालयात दरवर्षी ६ जूनच्या आधी राज्याभिषेकावर फलक लावतो. यंदा एक फलक हेन्री ऑक्झेंडनवर केला. मुंबईहून निघून पाचाडला थांबलेला, मग गडावर येऊन ६ जून १६७४ ला दरबारात उभा राहिलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना मुलामा दिलेल्या भाल्यांवर त्यानं काय पाहिलं ते लिहिलं: एकीकडे मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाची खूण म्हणून समतोल सोन्याचा तराजू. दारातले दोन लहान हत्ती इतक्या अवघड वाटेनं वर आणले कसे, हा त्याला पडलेला प्रश्नही लिहिला. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण चित्त दरवाज्याची वाट पायाखालची असलेल्या आमच्याकडच्या कुणालाही तोच पडेल.

फलकाच्या तळाशी जागा उरली होती. तिथे लिहिलं, 'हे घराणे १९२४ मध्ये नामशेष झाले.'

भाचा चौथीत आहे, त्याला शिवरायांचा इतिहास आहे. तो शेजारी उभा राहून बोट फिरवत वाचत होता. म्हणाला, "मावशी, म्हणजे सगळे मेले?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "ऑक्झेंडन म्हणजे काय? आपल्यात महाडकर असतात तसं?"

मी ब्रश ठेवला. त्या ओळीवर सध्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. खात्री करून घेतल्याशिवाय ती काढायची नाही असं ठरवलंय. ज्या माणसाच्या डोळ्यांनी आपण राज्याभिषेक पाहतो, त्याच्याबद्दल मुलांपुढे चुकीची ओळ नको.

मी आतापर्यंत जमवलेलं असं. घराणं केंट परगण्यातलं, विंगहॅम गावाजवळच्या डीनचं. त्यांच्यातलाच सर जॉर्ज ऑक्झेंडन सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष होता. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवणारा तोच. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आलं ते त्याच्याच कारकिर्दीत, आणि १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. कतारगाम दरवाज्याच्या इंग्रजी कबरस्तानात त्याची आणि १६५९ मध्ये वारलेल्या ख्रिस्तोफर या भावाची कबर एकाच घुमटाखाली आहे. मी सुरतेला मावसबहिणीकडे गेले होते तेव्हा पाहिली. लांबून कुणा नवाबाचा मकबरा वाटतो. घराण्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब १६७८ मध्ये मिळाला आणि १९२४ मध्ये तो संपला. माझी ओळ याच सनावरून आली.

आता माझे प्रश्न. आडनावाचा खरा अर्थ काय? किताब संपला म्हणजे आडनावही संपलं असं धरायचं का? आणि आज इंग्लंडमध्ये किंवा बाहेर हे आडनाव किती जणांचं आहे, हे घरबसल्या तपासायचं कसं? स्पेलिंगनंही गोंधळ होतोय. कुठे ऑक्झेंडन, कुठे ऑक्झिंडन, आणि लंडनमध्ये हेमार्केटजवळचा रस्ता ऑक्झेंडॉन. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (केंटहून)

ताई, मी कँटरबरीजवळ राहतो, विंगहॅम इथून जवळच. आधी भाच्याला शाबासकी द्या, त्याचा अंदाज बरोबर आहे. हे गावठाणावरून पडलेलंच आडनाव आहे. फरक इतकाच की आपण 'कर' लावतो, इंग्रज नुसतं ठिकाणाचं नाव घेऊन मोकळे होतात.

जुन्या इंग्रजीत ऑक्सेना म्हणजे बैलांचं. बैलाला ऑक्स आणि अनेक बैलांना ऑक्सन म्हणतात, तो 'न' त्या जुन्या रूपाचाच उरलेला अंश. राहिला 'डेन'. केंटमध्ये हा शब्द पावलोपावली भेटतो: टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन, रॉल्वेंडेन. डेन म्हणजे रानातली चराईची जागा. पूर्वी उघड्या मुलखातली गावं शरद ऋतूत आपली डुकरं ओकची फळं खायला दक्षिणेच्या दाट रानात हाकत. प्रत्येक गावाचा त्या रानात ठरलेला तुकडा असे, तो डेन. तेव्हा ऑक्झेंडन म्हणजे बैलांचं रान. आपल्या भाषेत गुरचरण म्हणा.

स्पेलिंगचा घोळ मात्र जपून सोडवा. शेवट 'डॉन' असेल तर तो वेगळा शब्द असू शकतो. नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये मार्केट हारबरोजवळ ग्रेट ऑक्झेंडॉन नावाचं गाव आहे, तिथे 'डून' म्हणजे टेकडी, म्हणून बैलांची टेकडी. पण केंटच्या घराण्याचं नावसुद्धा लिहिणाऱ्यांनी दोन्ही तऱ्हांनी लिहिलंय, त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवरून माणूस कुठल्या ठिकाणचा ते ठरत नाही. तुम्ही म्हणता तो लंडनचा रस्ता 'डॉन' लिहितात, तरी त्याचं नाव या केंटच्या घराण्यावरूनच पडलेलं आहे. इथे हर्न बे या समुद्रकाठच्या गावात ऑक्झेंडन स्ट्रीट आहे, तिथे मात्र 'डेन' शाबूत आहे. आणि ऑक्सनहॅमशी गल्लत करू नका. ते डेव्हनचं. इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचा साथीदार जॉन ऑक्सनहॅम, ज्याला स्पॅनिशांनी १५८० मध्ये लिमात फाशी दिली, तो त्यातला.

आता तुमच्या फलकासाठी एक गोष्ट. या घराण्याच्या ढालीवर तीन काळे बैल आहेत. विंगहॅमच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचं १६८२ चं संगमरवरी स्मारक आहे. मधे उंच निमुळता स्तंभ, त्याला फुलाफळांच्या माळा, कोपऱ्यांवर गुबगुबीत मुलं, आणि खाली काळ्या दगडात घडवलेली बैलांची डोकी. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा आसपासच्या पांढऱ्या दगडात ती काळी डोकी एकदम अंगावर आली. पोळ्याला आपण बैलाचं तोंड जितकं जवळून पाहतो, तितक्या जवळून कुणीतरी ती कोरली आहेत.

प्रतिसाद

छान धागा. आकड्यांबद्दल मी लिहितो, माझा थोडा अभ्यास आहे.

बॅरोनेटचा किताब पुरुषांच्या सरळ रेषेतच चालतो. त्या एका रेषेत मुलगा उरला नाही की किताब संपतो. आडनाव मात्र त्या आधी फुटलेल्या धाकट्या फांद्यांकडे, लग्नाबाहेरच्या मुलांकडे, किंवा त्याच गावावरून नाव घेतलेल्या पण नात्यात नसलेल्या लोकांकडे चालू राहू शकतं. त्यामुळे '१९२४ मध्ये घराणे नामशेष' हे वाक्य काढाच. 'किताब संपला' एवढंच खरं आहे.

उलटही होतं. वाड्याची मालकी चालू राहावी म्हणून दुसऱ्याचं नाव घ्यायचं. आपल्या दत्तकासारखंच. डिक्सवेल घराण्याची ब्रूम पार्क ही हवेली वारशानं ऑक्झेंडनांकडे आली आणि पुढे ते डिक्सवेल-ऑक्झेंडन असं जोड आडनाव लावू लागले. तीच हवेली १९११ मध्ये लॉर्ड किचनरनं विकत घेतली. म्हणजे वाडा गेला, मग १३ वर्षांनी किताब गेला.

आडनावं विरळ का होतात याचं गणित १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टननं मांडलं आणि हेन्री वॉटसननं सोडवायला घेतलं. सोपं करून सांगतो. समजा प्रत्येक पुरुषाला एकही मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक असण्याची अर्धी, दोन असण्याची पाव. सरासरी बरोबर एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या घटतही नाही. तरी एका माणसापासून निघालेलं नाव पहिल्याच पिढीत बुडण्याची शक्यता २५ टक्के, दुसऱ्या पिढीपर्यंत ३९, तिसऱ्यापर्यंत ४८. तीन पिढ्यांत जवळजवळ निम्मी नावं गेली, ना साथ ना युद्ध. स्मिथ म्हणजे लोहार. हे आडनाव जगतं कारण लोहार गावोगाव होते, नाव हजार ठिकाणी सुरू झालं. ऑक्झेंडन एखाद्याच रानापासून निघालेलं, त्याला हा धोका कायमचा.

आता मोजायचं कसं. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे. तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. तिथे ऑक्झेंडन, ऑक्झिंडन आणि ऑक्झेंडॉन ही तिन्ही नावं वेगवेगळी टाका आणि दर दहा वर्षांतले जन्म मोजा. वाढत गेले की घटत गेले, ते लगेच दिसेल. १८८१ ची जनगणना पूर्ण उतरवलेली आहे, ती माणसं कुठल्या परगण्यात होती ते दाखवते. त्याआधीचं हवं असेल तर चर्चची दप्तरं, ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम आहे.

अडचण अलीकडच्या काळाची. तिथे जनगणनेचे कागद १०० वर्षं बंद असतात. १९२१ ची २०२२ मध्ये उघडली. १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे पुढची १९५१ ची, ती २०५२ मध्ये. म्हणून आजचा जो आकडा तुम्हाला एखाद्या संकेतस्थळावर दिसेल तो मतदार याद्या किंवा टेलिफोनच्या यादीवरून काढलेला अंदाज असतो. विरळ नावाला हा अंदाज फार डळमळतो, कारण दोन कुटुंबं इकडची तिकडे झाली तरी आकडा दुप्पट होतो. फलकावर आकडा लिहायचाच असेल तर फ्रीबीएमडीवर स्वतः मोजलेला लिहा आणि कुठल्या वर्षांचा ते सांगा.

प्रतिसाद (नॉर्थ कॅरोलिनाहून)

वरचं सगळं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या राज्यात रोबसन काउंटी आहे. तिथे पेम्ब्रोक गावाच्या आसपास लंबी नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांच्यात ऑक्झेंडाइन हे आडनाव इतकं घरोघरी आहे की दुकानांच्या पाट्या, शाळेची हजेरी, चर्चच्या बाहेरचे दगड, सगळीकडे तेच. लॉकलियर आणि ऑक्झेंडाइन ही त्यांची ओळखीचीच आडनावं. ऑक्झेंडाइन हे ऑक्झेंडनचंच बदललेलं रूप मानतात. वसाहतीच्या काळात व्हर्जिनियात आलेलं इंग्रजी नाव तिथल्या मिश्र वंशाच्या कुटुंबांकडे गेलं आणि मग दक्षिणेला वाढलं.

आणि इथे आकडा मोजायची सोय आहे. अमेरिकेचं जनगणना खातं १०० किंवा त्याहून जास्त लोकांची आडनावं जाहीर करतं. २०१० च्या यादीत १,६२,२५३ आडनावं आहेत. ऑक्झेंडाइन त्यात आहे, आणि सोबत त्या नावाच्या लोकांचा वंशही टक्केवारीत दिलेला असतो. यादी उतरवून घेऊन एका ओळीत सापडेल. आमच्याकडे हा सरकारी आकडा आहे, अंदाज नाही.

ज्या रानात नाव जन्मलं तिथे ते विरळ आणि समुद्रापार दुसऱ्याच लोकांच्या तोंडी भरभरून. भाच्याला हे नक्की सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फ्रीबीएमडीवर बसले. तिन्ही नावं वेगवेगळी टाकली आणि प्रत्येक वर्षाचे जन्म वहीत रेघा मारून मोजतेय, अजून अर्धं काम बाकी आहे. एक गोष्ट मात्र लगेच कळली, नोंदी १९२४ ला थांबत नाहीत. पट्टी काढली आणि खालची ओळ पांढऱ्या रंगानं बुजवली.

नवी ओळ अशी: 'ऑक्झेंडन म्हणजे बैलांचे रान. या घराण्याच्या ढालीवर तीन बैल आहेत. त्यांचा किताब १९२४ मध्ये संपला. आडनाव आजही आहे.' भाच्याला वाचून दाखवली. त्याला लंबी लोकांचं पण हवंय, तर ते खाली वेगळ्या चौकटीत येईल. अमेरिकेच्या यादीतला आकडा त्यात टाकीन.

केंटच्या दादांना एक विनंती. विंगहॅमच्या त्या बैलांच्या डोक्यांचा एखादा स्वतः काढलेला फोटो पाठवता येईल का? सुरतेच्या घुमटाचा माझ्याकडे आहे. दोन्ही शेजारी लावायचे आहेत. फलक ४ जूनला चिकटवतो, त्यामुळे २ तारखेपर्यंत मिळाला तर महाडला छापून घेता येईल. फोटोत स्मारकाचे कोपरेही दिसले तर बरं, नाहीतर मुलांना बैलाचं डोकं किती मोठं ते कळत नाही.