वधस्तंभाच्या पायथ्याची कवटी

प्रश्न: येशूच्या वधस्तंभाच्या जुन्या मुद्राचित्रांत पायथ्याशी कवटी का असते? ती केवळ मृत्यूची खूण समजावी का?

उत्तर १: ती बायबलमधल्या पहिल्या माणसाची, आदामाची मानतात. ज्याच्या हातून एदेन बाग गमावली, त्याच्याच थडग्यावर तारणाचा स्तंभ उभा राहिला, अशी जुनी श्रद्धा आहे. येशूला जिथे वधस्तंभावर खिळले, त्या ‘गुलगुथा’चा अर्थही कवटीची जागा.

उत्तर २: तारणाच्या चित्रांत मला डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६३६ चे एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून काढलेले मुद्राचित्र) अधिक भिडते; विषय येशूच्या दृष्टांतातला, घरी परतलेला उधळ्या पुत्र. पायरीवर पडलेली काठी, गुडघे टेकलेला खंगलेला मुलगा आणि त्याच्यावर ओणवलेला बाप पाहताना, हरवलेले सापडणे म्हणजे काय ते शब्दांवाचून कळते.

उत्तर ३: रेम्ब्रांटच्याच १६५३ च्या ‘तीन क्रूस’मधला वरून उतरणारा प्रकाश, पुढे तोच पत्रा पुन्हा कोरताना, त्याने दाट रेषांनी बराचसा झाकला. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छाप शेजारी ठेवून अवश्य पाहावेत.