नुसत्या कॉलने नाही, एकत्र कामाने

व्हिडिओ कॉलवर दुसरी संस्कृती कळत नाही, तिकडे जाऊन राहावंच लागतं असं कोणीतरी लिहिलंय. नुसत्या गप्पांच्या कॉलबद्दल असेल तर एकदम मान्य, पण एकत्र काम करायला लावलं की चित्र बदलतं. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाने २००६ मध्ये कॉइल सेंटर (कॉइल म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या मुलांनी ऑनलाइन मिळून शिकणं) सुरू केलं ते याचसाठी, म्हणजे दोन देशांतले दोन शिक्षक मिळून कोर्सचा एक भाग आखतात, मुलांचे मिश्र गट करतात आणि प्रत्येकजण आपापल्याच कॉलेजात राहून शिकतो, ना व्हिसा ना विमानाचं तिकीट.

मी अशा एका गटात होते. शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये एकजण सरळ "हा परिच्छेद काढून टाका" अशी कमेंट टाकायचा आणि दुसरी मुलगी तिथे चकार शब्द न लिहिता मला वेगळा मेसेज करायची की तिला ते फार लागलं. कॉलवर मात्र दोघंही हसतमुख! शिक्षकांनी ते ओळखून कमेंट कशा द्यायच्या यावरच एक अख्खं सेशन घेतलं, खरं शिकणं तिथे झालं. म्हणून असा कोर्स निवडताना कॉल किती आहेत यापेक्षा गटाला मिळून काय बनवायचंय आणि बिनसलं तर शिक्षक मध्ये पडतात का, ते आधी विचारा.