कागदाची लिली: फूल समोरून पांढरं दिसतं आणि देठाचं टोक फाटतं

टीपेचा_धागा

नमस्कार. मी इचलकरंजीत घरीच ब्लाऊज शिवते. यंदा गौरीच्या मखराला ओरिगामीच्या लिली लावायचं ठरवलंय, मोजून २१. थर्माकोल २०१८ पासून बंद झालं आणि प्लॅस्टिकची फुलं मला गौरीसमोर नको वाटतात. इतकी वर्षं सासूबाई क्रेप कागदाचे गुलाब करायच्या, तारेला हिरवी पट्टी गुंडाळून. आता त्यांचे हात थरथरतात. त्यामुळं काम माझ्याकडं आलंय आणि त्या शेजारी बसून प्रत्येक घडी बघतात. म्हणून ते नीट व्हावं असं फार वाटतं.

आतापर्यंत नऊ केली, मखराला लावण्यासारखं एकही नाही. गुलाबी घोटीव कागद आणला होता, दुकानदारानं १५ सेंमीचे चौकोन कापून दिले. घड्या सगळ्या जमतात, पण शेवटी पेन्सिलीवर पाकळ्या वळवल्या की समोरून फूल पांढरंच! गुलाबी सगळं मागं, देठाकडं. घडीवरचा रंग उडून पांढऱ्या रेघा दिसतात ते वेगळंच. आणि सर्वांत वाईट म्हणजे खालचा भाग निमुळता करताना, कडा मधल्या रेघेवर आणल्या की देठाचं टोक फाटतं. नवांतली सहा तिथंच गेली.

कापडातलं मला कळतं. उभा धागा, आडवा धागा, शिवण कुठं ओढेल, हे हाताला समजतं. कागदाचं समजत नाही. कागद चुकतोय की माझी घडी?

चौथीच्या_बाई

ताई, पांढऱ्या फुलाचं आधी सांगते, कारण माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुलांचं हेच होतं. लिली हा एक पेला आहे असं समजा. पाकळी बाहेर वळली की पेल्याची आतली बाजू दिसते. तुम्ही रंग बाहेर ठेवून सुरुवात करताय, म्हणून आतलं पांढरं समोर येतं.

उलटं करा. पांढरी बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांच्या घड्या घाला आणि उघडा. कागद पालथा करा, आता गुलाबी वर. उभी आणि आडवी घडी घालून तीही उघडा. मग चारही कोपरे एकत्र आणा, कागद आपणहून छोट्या चौकोनात मिटतो आणि गुलाबी आत जातो. पुढचं तुम्हाला येतंच: चारही पंख एकेक करून उघडून दाबायचे, प्रत्येकाची खालची कड वर उचलायची. याच पायातून बेडूकही होतो, म्हणून त्याला फ्रॉग बेस म्हणतात. मी मुलांना आधी बेडूक शिकवते, लिली नंतर. बेडकात चूक लपते, फुलात लपत नाही.

फाटण्याचं मात्र मला नीट सांगता येणार नाही. आमच्याकडेही फाटतात.

निळी_शाई

पाच चौकोनांच्या पाच पाकळ्या घडवून डिंकाने जोडायचं कुसुदामा फूल का करत नाही? घड्या कमी, फाटायचा प्रश्न नाही. अशी १२ फुलं जोडली की कागदाचा झुलता चेंडूही होतो, मखराला वरून टांगता येईल.

जुना_बाइंडर

ताई, मी पुण्यात ४१ वर्षं पुस्तकबांधणीचं काम केलं. फुलं कधी केली नव्हती, तुमचा प्रश्न वाचून काल चार करून पाहिली. तुमची घडी चुकत नाही, कागद चुकतोय.

घोटीव कागदाच्या एकाच बाजूला रंगाचा थर चढवलेला असतो. घडीवर कागद वाकतो, थर वाकत नाही, तडकतो. तीच तुमची पांढरी रेघ. त्याऐवजी आरपार रंगीत असलेला झेरॉक्सचा कागद घ्या, ७५ किंवा ८० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे आत-बाहेरचा गोंधळही संपला. ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंमी असतो. त्यातून २१ सेंमीचा चौकोन निघतो आणि ८.७ सेंमीची पट्टी उरते. ती टाकू नका.

मोठा चौकोन मुद्दाम सांगतोय. कळीची लांबी म्हणजे कागदाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर. १५ सेंमीच्या कागदात ते १०.६ येतं, २१ च्या कागदात १४.८. कागदाची जाडी तेवढीच राहते आणि घडीला जागा जास्त मिळते.

आता टोक. ते टोक म्हणजे चौकोनाचा मध्यबिंदू. जवळजवळ प्रत्येक घडी तिथूनच जाते आणि तुम्ही प्रत्येक वेळी नखाने दाबत असणार. दर दाबासरशी कागदाचे तंतू तुटतात आणि शेवटच्या घडीला कागद हार मानतो. घडी कडेकडून दाबत या आणि मध्याच्या थोडं अलीकडे थांबा. कडा मधल्या रेघेवर आणताना त्या रेघेला अगदी भिडवू नका, केसभर फट ठेवा. आतल्या थरांना बसायला तेवढी जागा लागतेच.

दुकानदाराचा चौकोन कधीही तपासून घ्या. कर्णावर दुमडा, कडा जुळल्या नाहीत तर तो चौकोन नाही. एक मिलिमीटर चुकला तरी चारही पाकळ्या सारख्या येत नाहीत.

कागदालाही तुमच्या कापडासारखा उभा-आडवा असतो, आम्ही त्याला ग्रेन म्हणतो. एक तुकडा दोन्हीकडून फाडून बघा: एकीकडे सरळ फाटतो, दुसरीकडे वेडावाकडा. वहीच्या पानांचा ग्रेन पाठीला समांतर नसेल तर वही नीट उघडत नाही, याच्यावरून मी पोरांना खूप रागावलोय. पण या फुलाला ग्रेनची चिंता नको. पाकळ्या कोपऱ्यांतून निघतात, त्यामुळे ग्रेन चारही पाकळ्यांना सारखाच तिरपा पडतो.

एक शेवटचं. जपानच्या अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी कागद किंचित ओलसर करून घडवायची रीत रुजवली. वाळला की आकार धरून राहतो. त्याला जाड कागद लागतो, पण वळवलेली पाकळी टिकवायला ती कल्पना मी वापरली: ओल्या फडक्यावर बोट टेकवून फक्त वळणावर फिरवलं आणि पेन्सिल तशीच ठेवून वाळू दिलं. आधी एका तुकड्यावर रंग सुटत नाही ना ते बघा. घोटीव कागदावर हे करूच नका.

टीपेचा_धागा

काका, "तिरपा" वाचलं आणि एकदम उजेड पडला. म्हणजे पाकळी उरेबवर, कापडाच्या तिरक्या बाजूवर येते तशी, येते! उरेब कापड गळ्याला कसं न कुरकुरता वळतं, ते मी रोज बघते. आता पाकळी वळवताना ओढत नाही, उरेब पट्टीसारखी हलक्या हातानं फिरवते.

झेरॉक्सचा गुलाबी कागद आणला. तीन दिवसांत चौदा झाली, फाटलं एकच, तेही मी केसभर फट विसरले म्हणून. बाई, तुमचं पेल्याचं सासूबाईंना सांगितलं, त्यांनी जुनं एक पांढरं फूल हातात घेऊन आत बोट घातलं आणि मान हलवली.

निळी_शाई, तुमचं फूल सुंदर आहे, पण सासूबाईंना डिंक नकोय. एका कागदाचं एक फूल, असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलंय.

काका, पट्ट्या टाकल्या नाहीत. बारीक घडी सासूबाईंना जमत नाही, पण गुंडाळायला जमतं. ८.७ सेंमीची पट्टी बोटावर गुंडाळून वर पीळ देतात आणि खाली तार खोचतात, क्रेपच्या गुलाबाची कळी करायच्या तशीच. प्रत्येक लिलीशेजारी एक कळी लावणार आहोत. त्यांच्या सोळा झाल्यात, माझ्यापेक्षा दोन पुढं आहेत.

जुना_बाइंडर

तार कळीत खोचण्याआधी टोक पक्कडीने वाकवून घ्या, म्हणजे सुटून येणार नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा.