मदत हवी आहे: रग्बीत ‘फॉरवर्ड पास’ कसा ओळखतात?

नमस्कार मंडळी. १९ मार्च २०२२ चा कार्डिफचा सामना पुन्हा पुन्हा बघतोय. सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या रग्बी स्पर्धेत सलग ३६ सामने हरलेल्या इटलीने वेल्सला त्यांच्याच मैदानावर २२-२१ असं हरवलं! अगदी शेवटी इटली १५-२१ अशी मागे होती. इटलीचा कापुओत्झो एकेकाला चुकवत सुटला, पादोवानीला पास दिला, ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ५ गुण)! वर गार्बिसीचं कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक, २ गुण). दरवेळी अंगावर काटा येतो.

चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, हे कळतं. पण जोरात धावताना मागे फेकलेला चेंडूही जमिनीच्या हिशेबाने पुढेच सरकतो ना? मग पंच काय बघतात, हातातून सुटतानाची दिशा की चेंडू कुठे झेलला ते? रग्बी खेळलेलं कुणी नीट समजावून सांगाल का? भाचीला शिकवायचंय.