पोकलेनला ‘कम्युनिकेशन एरर’: कंट्रोलर बदलायच्या आधी काय तपासू? (दहिवडी, जि. सातारा)

माणदेशी_पोकलेन
राम राम मंडळी. माझी २० टनी पोकलेन आहे, २४ व्होल्टची. सध्या दहिवडीजवळ शेततळ्याच्या खोदाईवर लावलीय. खाली पाषाण लागला, त्यामुळं पंधरा दिवस ब्रेकरच (दगड फोडायचा हातोडा) चालू आहे. सकाळी मशीन झकास चालतं. दुपारी तापलं की डिस्प्लेवर कम्युनिकेशनचा एरर येतो, आरपीएम आयडलला पडतो आणि बूमला दम राहत नाही. मेन स्विच काढून दहा मिनिटांनी लावला की पुन्हा अर्धा तास निघतो. कोड एसपीएन ६३९, एफएमआय ९.

एक सर्व्हिसवाला लॅपटॉप लावून गेला. म्हणाला, इंजिनचा कंट्रोलर (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेलाय, नवीनच टाका. किंमत ऐकून झोप उडालीय. हप्ते चालू आहेत आणि पावसाच्या आत तळं पुरं करून द्यायचा शब्द दिलाय. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात हे नीट बघणारं कुणी आहे का? आणि स्वतः बघायचं तर स्कॅनर कुठला घेऊ?

वाळवा_ऊसपट्टा
दादा, आधी सीटमागचं आणि केबिनच्या तळाचं झाकण उघडून बघा. आमच्याकडं मशीन उसाच्या कडेला दोन रात्री उभं होतं, उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. एरर असाच यायचा.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक
दादा, कंट्रोलरची ऑर्डर देऊ नका. निदान आजच्या दिवस तरी थांबा.

तुमचा कोड नीट वाचा. एसपीएन सांगतो बिघाड कुठं, एफएमआय सांगतो कसा. एसपीएन ६३९ म्हणजे जे-१९३९ ची लाइन, मशीनमधले कंट्रोलर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती; एफएमआय ९ म्हणजे निरोप वेळेवर येत नाही. कंट्रोलर गेलाय असं हा कोड म्हणत नाही, तो एवढंच सांगतो की एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. बोलणारा मुका झालाय की मधली वायर तुटलीय, हे मोजल्याशिवाय कळत नाही. लॅपटॉपसुद्धा त्याच लाइनवरून बोलतो, लाइन तुटली की त्यालाही पलीकडचा कंट्रोलर दिसत नाही.

स्कॅनर राहू द्या, चांगला मल्टिमीटर घ्या. ही लाइन, म्हणजेच कॅन लाइन, एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींची असते; एकीला हाय म्हणतात, दुसरीला लो. जे-१९३९ मध्ये बहुतेक ठिकाणी पिवळी हाय आणि हिरवी लो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून मीटरवर ६० यायला पाहिजेत. मेन स्विच काढा, पाचएक मिनिटं थांबा, कारण काही कंट्रोलर चावी काढल्यावरही थोडा वेळ जागे राहतात. मग डायग्नोस्टिकच्या गोल ९ पिनी सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांवर ओहम मोजा. तुमच्या मशीनला सॉकेट वेगळं असेल तर वायरिंगचा नकाशा बघून त्याच दोन वायरी धरा.

६० आले तर दोन्ही टोकं जागेवर आहेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. ४० च्या आसपास आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. नंतर चावी ऑन करून चेसिस अर्थला व्होल्ट बघा: हाय अडीचच्या जरा वर, लो अडीचच्या जरा खाली, दोन्हींची बेरीज साधारण ५. एखाद्यावर २४ दिसले तर ती सप्लायला लागलीय.

आता तुमच्यासाठी खास गोष्ट. फॉल्ट दुपारी येतो ना, मग दुपारीच मोजा. एरर आला की लगेच, मशीन गरम असतानाच. सकाळी थंड मशीनवर ६० दाखवेल आणि तुम्ही फसाल. मीटर लावून ठेवा, हेल्परला केबिनपासून इंजिनपर्यंत हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर वीतभर हलवत जायला सांगा आणि तुम्ही आकड्यावरची नजर काढू नका. कपलर, क्लिपा, पंपाजवळचं वळण, सगळीकडं. कंट्रोलरही तापून बंद पडू शकतो, पण त्याची पाळी सगळ्यात शेवटी.

एक कळकळीची विनंती: टेस्ट लॅम्पची सुई वायरीत टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतून सडतं.

माणूस बोलवायचा असेल तर नाव कुणाचंही असो, फोनवर एकच विचारा, “आल्यावर आधी काय मोजणार?” ओहम म्हणाला तर बोलवा. ‘बघू, दुसरा कंट्रोलर लावून बघू’ म्हणाला तर नको.

माणदेशी_पोकलेन
अण्णा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सकाळी ६०.४. दुपारी पावणेतीनला एरर आला, मेन स्विच काढून मोजलं तर १२१. पोटात गोळाच आला, पण तुमचं वाचलेलं होतं म्हणून हार्नेस हलवायला घेतला. हायड्रॉलिक पंपाच्या वरच्या क्लिपपाशी हात गेला आणि आकडा ६०, १२१, ६० असा नाचायला लागला.

क्लिप सोडली. बाहेरून वायर नवीकोरी. हिरव्या वायरीवर निरखून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढं भोक, आधी कुणीतरी सुई टोचलेली. तिथं बोट दाबलं तर आत पोकळ लागलं. प्लॅस्टिक सोललं, आत तांब्याची हिरवी पूड आणि दोनच तारा शिल्लक. ब्रेकरच्या हादऱ्यानं आणि उष्णतेनं त्याच सुटत होत्या.

कराडहून वायरमन येतोय. तो म्हणतो, नुसता जोड मारून टेप गुंडाळतो. चालेल का?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक
टेप नको. तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागं कापा, काळं पडलेलं थोडंही ठेवू नका. क्रिम्प करून आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. वायर कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा घाला, आणि दोन्ही वायरींना पुन्हा पूर्वीसारखा पीळ द्या. बाहेरचा विजेचा गोंगाट (नॉइज) त्या पिळामुळंच आत शिरत नाही, म्हणून जोडाशी तो लांबवर सोडून ठेवू नका. क्लिपेत रबर घाला.

माणदेशी_पोकलेन
झालं. गरम मशीनवर ६०.२. काल ब्रेकर लावून सहा तास चाललं, एकदाही एरर नाही. कंट्रोलरचे पैसे वाचले अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू? आता बकेटचे दात बसवायला वेल्डिंग करायचंय. काही धोका?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक
बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा. वेल्डिंगची अर्थ दाताजवळ बकेटलाच लावा, चेसिसला लांब नको. शक्य असेल तर कंट्रोलरचे कपलरही काढून ठेवा.