मदत हवी आहे: न्यूट्रल रेड या रंगद्रव्याने रंगतात त्या मेलेल्या पेशी, की त्यांना गिळणाऱ्या?

नमस्कार. मी लातूर येथे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्राणिशास्त्र शिकवतो. कोंबडीच्या गर्भात पायाची बोटे आधी एकाच सलग पडद्यात गुरफटलेली असतात आणि उबवणीच्या साधारण सातव्या-आठव्या दिवसापासून मधल्या पेशी मरून ती सुटी होऊ लागतात. बदकात मात्र ग्रेमलिन हे प्रथिन मृत्यूचा संदेश देणाऱ्या बीएमपी प्रथिनांना अडवते, म्हणून पडदा टिकतो. इथपर्यंत विद्यार्थ्यांना पटते. पुढे त्यांचा प्रश्न असतो की मेलेल्या पेशी जातात कुठे, आणि तो रास्तच आहे, कारण क्रमिक पुस्तके तो एका वाक्यात उरकतात.

या पेशी फुटून आतला ऐवज बाहेर सांडत नाहीत. त्या आक्रसतात, त्यांचे तुकडे पडतात, आणि एरवी पेशीपटलाच्या आतल्या थरात राहणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेरच्या बाजूस आले की मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, त्या खुणेवरून तुकडे ओळखून गिळतात. त्यामुळे तिथे दाह होत नाही. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये अशा मृत्यूला अपॉप्टोसिस हे नाव दिले. गंमत अशी की पीयू.१ जनुक निकामी केल्यामुळे ज्यांच्यात मॅक्रोफेज तयारच होत नाहीत, अशा उंदरांच्या गर्भातही बोटे सुटी होतात. शेजारच्या मेसेनकाइम (गर्भातील संयोजी ऊतीच्या) पेशीच, काहीशा संथपणे, ही सफाई करतात.

हे सारे प्रयोगशाळेत दाखवण्यासाठी गर्भाचा पाय न्यूट्रल रेडने रंगवण्याचा विचार आहे. परंतु हा रंग पेशीतल्या लायसोसोमसारख्या आम्लधर्मी पिशव्यांत साठतो. मग बोटांमध्ये दिसणारे लाल ठिपके मरणाऱ्या पेशींचे मानावेत, की पोट भरलेल्या मॅक्रोफेजचे? साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक ओळखता येतो का, की त्यासाठी छेद घेऊन केंद्रकाचे तुकडे पाहणेच भाग आहे?

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. दुकानातील अंडी फलित नसल्याने हॅचरीतून किंवा गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांकडून अंडी घेणार आहे. मात्र आमच्याकडे भारनियमनात इन्क्युबेटर काही तास बंद पडतो. ३७.५ अंशांखाली तापमान गेल्यास गर्भाची वाढ रेंगाळते, तेव्हा दिवस मोजण्याऐवजी पायाच्या कोणत्या बाह्य खुणेवरून योग्य वेळ ओळखावी, हे ज्यांनी स्वतः हा प्रयोग केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.